कान

प्रभुखानोलकरांनी ते आणलं लुगड्याच्या फडक्यात,
माझ्या बाकावर दोन होडीइंजिनांच्या मधे ठेवलं
आणि म्हणाले, "मेस्त्री, गंज तेवढो काढ.
नक्षीक हात लावू नको."

नक्षीला हात लावायची माझी छाती नाही.
नळीवर सोन्याच्या तारेची वेल,
केसाएवढ्या चरांत ठोकून बसवलेली.
वेंगुर्ल्याच्या वाऱ्याने लोखंड खाल्लंय,
वेल जाळी पडलेल्या पानासारखी वर राहिलीय.
शिसवी दस्त्यात कालवांच्या शिंपल्याचे तुकडे,
टोकाला रुप्याचा सिंह.
सिंह त्या कारागिराने कधी पाहिला नसावा:
आयाळ आहे, पण जबडा मुशीचा,
दात आत वळलेले.

मुशीच्याच तेलात बुडवून ठेवलं.
चौथ्या दिवशी मळसूत्र कुरकुरलं, फिरलं,
बाजूचं पान सुटून हातात आलं.

आत नक्षी नाही. आत काम आहे.
कानशीचे माग सगळे एका दिशेने.
कमान अजून ताठ,
अंगठ्याने दाबली तर अंगठ्याला परत ढकलते.
तिला पाणी दिलं ती सकाळ मला दिसते:
खैराचे निखारे, तव्यात वाळू,
पोलाद पिवळं होतं, मग जांभळं,
मग मोराच्या मानेसारखं. तिथेच थांबायचं.
एक श्वास उशीर, की कमान नुसती पट्टी.
बापाने मला हे छिन्नीवर शिकवलं,
थपडा मारून.
आता स्प्रिंगा कोल्हापूरहून पाकिटात येतात.

पानाच्या आतल्या अंगाला,
जिथे मालकाची नजर कधी जाणार नव्हती,
एक कुर्ली कोरलीय, नखाएवढी.
एक नांगी मोठी, एक बारकी.
नाव नाही.

घोड्याच्या ओठांत गारगोटी आहे अजून.
समोरच्या पोलादावर ओरखडे: चकमक झडलीय,
एकदा नाही, कितीदा तरी.
पाळ्यात रंजकेची काजळी.
मग मी कानात तार घातली.
(रंजकेची आग ज्या भोकातून बाराला जाऊन भिडते,
त्याला कान म्हणतात.)
तार गव्हाच्या दाण्याएवढी गेली आणि थांबली.
गंज असेल. बारीक तार घेतली. मग सुई.
मग नळीच्या तोंडातून बॅटरी मारून पाहिलं.
आतली भिंत सलग, गुळगुळीत.

कान टोचलेलाच नाही.

सोनाराने कान टोचावे म्हणतात.
इथे सोनार आला, वेल उमटवून मजुरी घेऊन गेला,
कान लोहाराकडे राहिला.

विसरला?
कमानीच्या रंगापाशी जो श्वास मोजतो
तो भोक पाडायला विसरत नाही.
मजुरी बुडाली असेल.
किंवा हे कोणावर रोखलं जाणार ते त्याला ठाऊक असेल,
पलीकडच्या गलबतावर त्याचाच मेव्हणा असेल.
किंवा रात्री कुणी बाई आली असेल,
दंडातली वाकी काढून ऐरणीवर ठेवली असेल.
मला काय माहीत.
मला एवढंच दिसतं: चाप ओढला,
ठिणगी पडली, रंजक भपकन उडाली,
आणि धूर निवळल्यावर
समोरचा माणूस उभाच.

प्रभुखानोलकरांच्या माजघरात मात्र
त्यांच्या पणज्याच्या पणज्याने ह्याच पिस्तुलाने
फिरंगी कप्तान आडवा केलाय.
दर गणपतीला तो कप्तान नव्याने पडतो.
गेल्या साली नातवाने त्याला तांबडी दाढी दिली.

माझ्याकडे एक मिलिमीटरचं ड्रिल आहे.
दोन मिनिटांचं काम,
आणि मग ती गोष्ट खरी असू शकली असती.

ड्रिल लावलं. टोक कानाला टेकवलं.
बाहेर ओहोटी होती, चिखलात कुर्ल्या
आडव्या चालत होत्या, आपापल्या बिळांकडे.

पान परत बसवलं, मळसूत्रं आवळली,
दस्त्याला भिरंडेल चोळलं.
शनिवारी ते येतील, दिव्याखाली उलटसुलट करून बघतील.
"गंज काढलंय," मी सांगेन.
"नक्षीक हात लावूक नाय."